भिंती आणि सिलिंगचं प्लॅनिंग: पीओपीवाल्याला फोन करायच्या आधीची कामं

फ्लॅटचा ताबा मिळाला की पुढच्या रविवारपर्यंत घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये सिलिंगच्या फोटोंचा ढीग जमलेला असतो. मग पीओपीवाला येतो, एकदा मान वर करून बघतो, स्क्वेअर फुटाचा रेट सांगतो आणि चहा संपायच्या आत काम ठरतं. पुढे एसीवाला येतो आणि विचारतो ड्रेन कुठून नेऊ, सुतार येतो आणि म्हणतो लॉफ्टचं दार सिलिंगला अडतंय, पडदेवाला म्हणतो ट्रॅकला जागाच ठेवली नाही. प्रत्येकाला उत्तर एकच मिळतं, "काळजी नका करू ताई, नंतर कापून देऊ". ते नंतर कापणं टाळायचं असेल तर काय करायचं त्याबद्दल हे लिहितोय.

माझं म्हणणं थोडक्यात असं की सिलिंग बसतं जवळजवळ शेवटी पण ठरवायचं सगळ्यात आधी, आणि कुठलीही आतली भिंत पाडायची किंवा उभी करायची असेल तर ती सिलिंग कागदावर उतरल्याशिवाय ठरवायचीच नाही, कारण दोघांच्या पोटातून जाणाऱ्या गोष्टी त्याच असतात. वायर, पाइप, ड्रेन, आवाज, वजन सगळं भिंतीतून वर चढतं आणि सिलिंगमधून आडवं जातं. डिझाइन, लाइट, रंग याचा नंबर नंतर.

आधी माप, ते पण स्वतः

ब्रोशरमधलं माप फेकून द्या. लेझर मीटर असेल तर उत्तम, नाहीतर टेप आणि दोन माणसं पुरतात. प्रत्येक खोलीत चार कोपरे आणि मधोमध अशी जमिनीपासून स्लॅबपर्यंतची उंची घ्या, सगळीकडे सारखी येणार नाही, अर्धा-पाऊण इंच फरक नेहमीचा आहे. मग प्रत्येक बीमची खालची कड जमिनीपासून किती, बीम किती रुंद, भिंतीच्या कुठल्या बाजूला बाहेर आलाय ते लिहा. खिडकीची वरची कड, दाराच्या चौकटीची वरची कड, पंख्याचे हुक किंवा फॅन बॉक्स नक्की कुठे आहेत, डीबी (विजेच्या मेन स्विचांचा बॉक्स) कुठे, एसीसाठी बिल्डरने भोक ठेवलंय का आणि कुठल्या उंचीवर. टाइल्स अजून बसायच्या असतील तर त्याचे दोन-अडीच इंच वजा धरा, हे लोक हमखास विसरतात.

शक्य असेल तर लेझर लेव्हल लावून सगळ्या भिंतींवर जमिनीपासून १ मीटरवर एक लाइन मारून घ्या, निळ्या दोरीने मारतात तशी. पुढची सगळी मापं त्या लाइनपासून वर-खाली मोजायची, जमिनीपासून नाही. गवंडी, वायरमन, सुतार सगळे एकाच लाइनवरून मोजतात म्हणून भांडणं कमी होतात.

कुठली भिंत हलते आणि कुठली नाही

पुण्यात हे बिल्डिंगच्या वयावर ठरतं. पेठांमधले जुने वाडे म्हणजे लाकडी खांब-तुळया आणि मध्ये माती-विटांच्या जाडजूड भिंती, ज्यांच्यात कोनाडे आणि फडताळं मावायची. तिथे काहीही हलवायच्या आधी स्ट्रक्चरवाला लागतोच, त्यावर चर्चा नको. डेक्कन, प्रभात रोड, सहकारनगर, कोथरूडकडच्या जुन्या दोन-तीन मजली इमारती बऱ्याचदा लोड बेअरिंग आहेत, म्हणजे ९ इंची किंवा त्याहून जाड भिंतीवरच वरचा स्लॅब टेकलाय. अशी भिंत "फक्त दोन फूट मोठं दार" म्हणून सुद्धा फोडायची नाही. ओळखायचं कसं, तर खोल्यांच्या कोपऱ्यात कॉलम दिसत नाहीत, भिंती सगळीकडे जाड आहेत आणि खालच्या मजल्यावर त्याच जागी भिंत आहे, तर ती लोड बेअरिंग समजूनच चाला आणि इंजिनियरला बोलवा.

त्यानंतरच्या आरसीसी फ्रेमच्या बिल्डिंग, कॉलम-बीम वेगळे आणि मध्ये ४ किंवा ६ इंची विटा नाहीतर सिपोरेक्स. (आपल्याकडे कुठल्याही एएसी ब्लॉकला, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकला, सिपोरेक्सच म्हणतात, कारण शिर्केंच्या कंपनीचा ब्लॉक याच नावाने इथे वर्षानुवर्षं विकला गेला.) यातली मधली पार्टिशन भिंत बहुतेक वेळा काढता येते, पण सोसायटीची एनओसी आणि इंजिनियरचं पत्र घेऊनच.

आणि आता वाकड, रावेत, मोशी, बालेवाडी, खराडीकडे जे टॉवर उभे राहतायत त्यातले बरेच मायव्हनमध्ये आहेत, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या फॉर्मवर्कमध्ये भिंत आणि स्लॅब एकत्र काँक्रीटमध्ये ओतलेले. इथे बाहेरून साधी पातळ पार्टिशन वाटणारी भिंत सुद्धा बिल्डिंगचं वजन उचलत असते. पाडणं तर सोडाच, झिरी (वायर-पाइपसाठी भिंतीत खोदलेली खाच) मारायची पण परवानगी नसते कारण स्टील फार आत नसतं. म्हणून मायव्हनच्या फ्लॅटमध्ये नवीन पॉइंट हवा असेल तर तो वरून सिलिंगमधून आणायचा आणि खाली पॅनेलिंगच्या किंवा फर्निचरच्या मागून उतरवायचा, हे दोनच रस्ते. म्हणजे मायव्हनमध्ये टीव्हीच्या मागे पॅनेल हवं की नको हा शोभेचा प्रश्न राहत नाही, वायर कुठून जाणार त्याचा प्रश्न होतो. बिल्डरकडून तुमच्या फ्लॅटचं इलेक्ट्रिकल कंड्युटचं, म्हणजे वायरच्या नळ्यांचं, ड्रॉइंग मागून घ्या, ताबा घेतानाच मागा, नंतर कोणी फोन उचलत नाही.

वरून काय काय जाणार त्याची यादी

हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात जास्त पैसे हाच वाचवतो.

एक कोरा कागद घ्या, घराचा प्लॅन काढा, फर्निचर टाका, आणि त्याच मापाचा ट्रेसिंग पेपर वर ठेवून सिलिंगचा प्लॅन काढा. आर्किटेक्ट याला आरसीपी (रिफ्लेक्टेड सिलिंग प्लॅन) म्हणतात, जमिनीवर आरसा असता तर त्यात सिलिंग जसं दिसलं असतं तसं. त्यात आधी बीम काढायचे तुटक रेषेने. मग एसीचे युनिट, त्यांचे कॉपर पाइप आणि ड्रेन. मग पंखे. मग चिमणीचा डक्ट. बाथरूमची वरच्या मजल्याची पाइपलाइन. इंटरनेट आणि कॅमेऱ्याची केबल. टॉवर असेल तर स्प्रिंकलर आणि स्मोक डिटेक्टर. पडद्याचे ट्रॅक. झोपाळा हवा असेल तर त्याचे हुक. आणि या सगळ्यातून जी जागा उरली तिच्यात लाइट. बहुतेक लोक बरोबर उलटं करतात, लाइट आधी तापकीर गल्लीतून घेऊन येतात आणि मग त्याच्याभोवती घर बसवतात.

यातला सगळ्यात हट्टी कोण, तर एसीचा ड्रेन. वायर वाकते, कॉपर वाकतो, ड्रेनचं पाणी फक्त उताराने जातं. १०० ला १ असा उतार धरला तरी १० फुटाला सव्वा इंच हवा. आता बघा, मास्टर बेडरूमचं युनिट आतल्या भिंतीवर हवं म्हणून हट्ट धरला आणि ड्रेन बाथरूमच्या डक्टपर्यंत १५ फूट न्यायचा आहे आणि मध्ये बीम आडवा आलाय. बीमला भोक पाडायचं नाही, हे अगदी भिंतीवर लिहून ठेवा. मग ड्रेन बीमच्या खालून जाणार, म्हणजे त्या पट्ट्यात सिलिंग बीमच्या खाली येणार, आणि युनिट त्याच्यापेक्षा वर हवं. तुमच्या अख्ख्या खोलीच्या सिलिंगची उंची त्या एका पाऊण इंची पाइपने ठरवली. युनिट बाहेरच्या भिंतीवर घेतलं असतं तर हा प्रश्नच आला नसता, आणि हे कागदावर दहा मिनिटांत कळतं.

स्प्लिट एसीच्या डोक्यावर पण जागा लागते, हवा वरूनच आत ओढतो तो. कंपनीच्या पत्रकात आकडा दिलेला असतो, साधारण अर्धा फूट मोकळा ठेवा म्हणजे फिल्टर काढताना झाकण पण उघडेल. सिलिंगला चिकटवून बसवलेला एसी दिसतो छान पण खोली गार करत नाही.

उंचीचा हिशोब

नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ प्रमाणे राहायच्या खोलीची उंची जमिनीपासून स्लॅबच्या तळापर्यंत २.७५ मीटर हवी म्हणजे ९ फुटाला किंचित जास्त, बीमच्या खाली निदान २.४ मीटर, आणि एसी खोलीत फॉल सिलिंग किंवा डक्टच्या खालच्या कडेपर्यंत २.४ मीटर. म्हणजे ७ फूट साडेदहा इंच ही तुमची शेवटची पायरी, त्याच्या खाली जायचं नाही.

समजा स्लॅब ते स्लॅब ९ फूट १० इंच आहे. ५ इंच स्लॅब गेला, २ इंच फ्लोअरिंग गेलं, राहिले ९ फूट ३ इंच. १८ इंची बीम असेल तर तो स्लॅबच्या खाली १३ इंच दिसतो, म्हणजे बीमच्या खाली ८ फूट २ इंच. आता बीम पूर्ण झाकायचा म्हटलं तर चॅनल (बोर्ड धरणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या) आणि बोर्डाचे २ इंच धरा, सिलिंग आलं बरोबर ८ फुटांवर. कोडमध्ये बसतं. पण पंखा? पंख्याच्या पात्यांपासून सिलिंगपर्यंत निदान १ फूट अंतर हवं नाहीतर हवा ओढायला जागाच मिळत नाही, म्हणजे पाती आली ७ फुटांवर. घरातला उंच मुलगा टीशर्ट काढताना हात वर करतो तेव्हा काय होईल ते बघा. पंख्यासाठी कोडमध्ये एक सोपं सूत्र पण आहे, खोलीच्या उंचीची तिप्पट अधिक टेबलाची उंची, भागिले चार. ९ फूट ३ इंच खोली आणि अडीच फूट टेबल धरलं तर पाती साडेसात फुटांच्या जरा वर येतात, तीच जागा योग्य.

म्हणून बहुतेक पुणेरी २बीएचकेमध्ये माझा सल्ला एकच असतो, पूर्ण खोली झाकू नका. कडेकडेने दीड-दोन फुटाचा पट्टा खाली घ्या ज्यात बीम, ड्रेन, वायर, पडद्याचा खाचा सगळं लपेल, आणि मधला स्लॅब नुसता गुळगुळीत करून पांढरा ठेवा, पंखा थेट स्लॅबला. उंची राहते, खर्च कमी, आणि मधोमध काही गळलं तर लगेच दिसतं. सगळीकडे सपाट सिलिंग खाली घेऊन मग घर बुटकं वाटतं म्हणून आरसे लावत बसणारे लोक मला कळत नाहीत.

पंखा किंवा झुंबर किंवा झोपाळा यांचं वजन कधीही चॅनलवर किंवा बोर्डावर नाही, स्लॅबवरच. झोपाळ्याला तर जमेल तेव्हा बीमच्या जवळ आणि इंजिनियरला विचारून केमिकल अँकर (रसायनाने भोकात चिकटवलेला बोल्ट), चारही हुक सिलिंग बंद व्हायच्या आधी बसवून चार माणसं बसवून हलवून बघायचे. जुन्या घरातली कडी नव्या स्लॅबला आपोआप येत नाही.

फर्निचर आणि सिलिंगची गाठ

खडूने जमिनीवर पलंग, सोफा, डायनिंग टेबल, कपाटं आखा, अगदी खऱ्या मापाची. मग लेझरने तेच बिंदू वर घ्या. यातून लगेच दिसतं की डायनिंगचा लटकता दिवा टेबलाच्या मधोमध येत नाहीये कारण टेबल भिंतीला सरकवायचं ठरलं होतं, किंवा बेडरूममध्ये डाउनलाइट बरोबर उशीवर येतोय आणि झोपलेल्याच्या डोळ्यात जाणार.

कपाटाचं दार विसरू नका. कपाट वरपर्यंत लॉफ्टसकट असेल तर लॉफ्टचं दार बाहेर उघडताना सिलिंगच्या पट्ट्याला आपटतं. एक तर पट्टा कपाटाच्या समोरून दाराच्या रुंदीइतका लांब ठेवा नाहीतर लॉफ्ट सिलिंगच्या खालच्या कडेलाच संपवा. तसंच आत उघडणाऱ्या खिडक्या. पडद्यासाठी दोन ट्रॅक हवे असतील तर भिंत आणि सिलिंगच्या मध्ये ६ ते ८ इंचाचा खाचा, आणि ट्रॅक स्क्रू होईल असा प्लायचा तुकडा आधीच वर बसवलेला.

कोव्ह लाइट, म्हणजे सिलिंगच्या पट्ट्यात लपवलेला दिवा, हवा असेल तर पट्ट्याच्या वर निदान ४ ते ६ इंच मोकळं लागतं, नाहीतर प्रकाश पसरत नाही, नुसती एक चटका लावणारी रेघ दिसते. आणि एलईडी पट्टी दीर्घकाळ टिकते पण तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर आधी जातो. तो ड्रायव्हर हात घालता येईल अशा जागी, डाउनलाइटच्या भोकाशेजारी किंवा ट्रॅपडोअरपाशी (सिलिंगमधलं उघडता येणारं झाकण) ठेवायला सांगा आणि प्लॅनवर खूण करा. प्रोफाइल लाइटमध्ये (सिलिंगमध्ये बसवलेली दिव्याची सलग पट्टी) तर हे फारच महत्त्वाचं, कारण तिथे हात घालायला भोकच नसतं.

भिंत कशाची

नवीन पार्टिशन घालायची असेल तर तीन प्रश्न, वजन किती, पलीकडचा आवाज किती येईल, आणि तिच्यावर काय टांगणार.

वजन बघा. १० फूट लांब ९ फूट उंच भिंत, ४ इंची वीट आणि दोन्ही बाजूंनी गिलावा म्हणजे दोन टनांच्या आसपास. तीच सिपोरेक्समध्ये पाऊण ते एक टन. जिप्सम बोर्ड आणि जीआय स्टडमध्ये (जस्त चढवलेल्या पत्र्याच्या उभ्या पट्ट्या) दोनशे-सव्वादोनशे किलो. घराचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलो लाइव्ह लोडसाठी (माणसं, फर्निचर, सामान) डिझाइन करतात, पार्टिशनसाठी वेगळं थोडंफार धरतात, आणि तुम्ही बीम नसलेल्या जागी स्लॅबच्या मधोमध दोन टन एका रेषेत उभे करणार असाल तर त्याला विचारणारं कोणीतरी हवं. म्हणून वरच्या मजल्यावर नवीन भिंत शक्यतो हलकीच घ्या.

आवाजाचं गणित उलटं चालतं, जड भिंत आवाज जास्त अडवते, वजन दुप्पट केलं की साधारण ५-६ डेसिबलचा फरक. हलक्या जिप्सम भिंतीत ते भरून काढायला आत ५० मिमी ग्लासवूल किंवा रॉकवूल, आणि परवडत असेल तर दोन्ही बाजूंना दोन-दोन बोर्ड. पण याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे भिंत स्लॅबपर्यंत न्यायची. फॉल सिलिंगपाशी थांबवलेली भिंत म्हणजे आवाजाला वरून उघडा रस्ता. खराडी-बाणेरच्या छोट्या ऑफिसांमध्ये हे सारखं दिसतं, आधी अख्खं ग्रिड सिलिंग (पत्र्याच्या चौकटीत सुट्या टाइल) टाकतात, मग त्याच्या खाली मीटिंग रूमची काच उभी करतात आणि मग पगारवाढीची चर्चा बाहेर सगळ्यांना ऐकू येते. घरी वर्क फ्रॉम होमची खोली काढणाऱ्यांनी पण हे लक्षात ठेवा. एकमेकांच्या पाठीला पाठ लावून दोन खोल्यांचे स्विचबोर्ड ठेवू नका, तिथून बोलणं आरपार येतं, एक स्टड सोडून बाजूला घ्या. आणि दाराखालची फट, तिच्यातून जेवढं ऐकू येतं तेवढं अख्ख्या भिंतीतून येत नाही. सिलिंगला भोकंवाल्या अकॉस्टिक टाइल लावून पलीकडचा आवाज थांबत नाही, त्या फक्त खोलीतला घुमणारा आवाज कमी करतात, दुकानदार दोन्ही एकच म्हणून विकतो.

टांगायचं काय ते आधी ठरलं तर जिप्सम भिंतीच्या आत १८ मिमीचा प्लाय त्या जागी घालता येतो, टीव्ही, वॉल हँग बेसिन, किचनची वरची कपाटं, देवघर. नंतर ठरलं तर बोर्ड फोडावा लागतो. सिपोरेक्समध्ये साधा रावळ प्लग सुटतो, त्याला लांब नायलॉन प्लग किंवा केमिकल अँकर लागतो, आणि २५ लिटरचा गिझर पाण्याने भरला की पस्तीस किलोच्या आसपास जातो हे लक्षात घेऊन त्याची भिंत निवडा.

४ इंची भिंतीत प्लंबिंग लपवायचा मोह टाळा. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशपेक्षा खोल नको आणि आडवी एक षष्ठांशपेक्षा नको, म्हणजे ४ इंचात आडवी झिरी पाऊण इंचाच्याही आतच. शॉवरच्या डायव्हर्टरची (भिंतीत बसणाऱ्या नळाची) बॉडी मावतच नाही. शॉवरची भिंत ६ इंची घ्या नाहीतर समोर छोटी, कमी उंचीची लेज वॉल काढा, साबण-शांपू ठेवायला कट्टा फुकटात मिळतो.

वीट किंवा ब्लॉकची भिंत असेल तर एका दिवसात वरपर्यंत नेऊ देऊ नका, आणि शेवटचा थर लगेच स्लॅबला भिडवू नका, काही दिवस थांबून मगच गच्च भरायचा. ४ इंची भिंतीत मध्ये आरसीसीची पट्टी हवीच. ब्लॉक आणि काँक्रीट जिथे भेटतात तिथे जाळी, नाहीतर पहिल्या उन्हाळ्यात तिथे बरोबर सरळ रेघेत तडा येतो आणि मग गवंडी म्हणतो हवेमुळे आलं.

बाथरूम आणि वरचा मजला

बाथरूममध्ये वर वरच्या शेजाऱ्यांचे ट्रॅप (सांडपाण्याचे वाकडे जोड) आणि पाइप लटकलेले असतात, तिथे सिलिंग असं हवं की काढता येईल. पीव्हीसी किंवा ग्रिड, आणि ट्रॅपच्या बरोबर खाली दीड-दोन फुटाचं ट्रॅपडोअर. साधा जिप्सम बोर्ड आणि जिप्समचा गिलावा ओल्या जागी चालत नाही. हिरवा बोर्ड ओलसरपणा सहन करतो, थेट पाणी नाही, म्हणजे गळका ट्रॅप त्याला पण सोडत नाही. उंची टाइलवरून ठरवा. ६०० मिमीच्या चार टाइल म्हणजे २.४ मीटर, सिलिंग तिथेच घेतलं तर वर चार इंचाचा कापलेला तुकडा लावत बसावं लागत नाही.

सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल तर सिलिंग करायची घाई नको. टेरेसवर पाणी साठवून एक-दोन दिवस बघा, आणि जमलं तर एक पावसाळा जाऊ द्या. जून ते सप्टेंबर पीओपी आणि पुट्टी तशीही नीट सुकत नाहीत आणि पश्चिमेकडच्या भिंतींवर पाऊस थेट आपटतो, ती ओल आतून दिसते. वरून गळतंय आणि खाली नवीन सिलिंग ते लपवतंय, यात गळती थांबत नाही, फक्त उशिरा कळते. एप्रिलमध्ये जो स्लॅब तापतो त्यासाठी आरसीपीमध्येच सिलिंगच्या वर ५० मिमी इन्सुलेशनची जागा धरून ठेवा, नंतर घालायचं म्हटलं तर सगळं उघडावं लागतं.

जुन्या फ्लॅटमध्ये सिलिंगला सपाट सिमेंटच्या शीट असतील तर कोरड्या फोडायला सांगू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. आणि नवीन सिलिंगच्या आत लाकडी फ्रेम नको, वाळवी आणि वाकणं दोन्ही, जीआयच घ्या. चॅनल बघून घ्या, जिप्सममध्ये बोर्ड ज्याला स्क्रू होतो तो सेक्शन साधारण दीड फुटावर, ४५० मिमीच्या आसपास, आणि त्याला धरणारा वरचा चॅनल ४ फुटांवर. दोन फुटांवर सेक्शन टाकून पैसे वाचवलेलं सिलिंग वर्षभरात लाटा दाखवतं.

ऑफिस करत असाल तर दोन-तीन गोष्टी वेगळ्या. सिलिंगच्या वर ८०० मिमीपेक्षा जास्त पोकळी राहिली तर तिथे पण स्प्रिंकलर लागतात. स्प्रिंकलरचं तोंड सरकवायचं काम पीओपीवाल्याच्या प्लंबरचं नाही, लायसन्सवाल्या फायर एजन्सीचं. आणि पोस्ट टेन्शन स्लॅब, म्हणजे आत ताणलेल्या स्टीलच्या केबल असलेला स्लॅब, असेल तर, नव्या कमर्शियल बिल्डिंगांमध्ये बऱ्याचदा असतो, अँकरसाठी ड्रिल मारायच्या आधी केबलचं ड्रॉइंग बघितल्याशिवाय कोणालाही शिडीवर चढू देऊ नका.

जोड आणि क्रम

भिंत आणि सिलिंग जिथे भेटतात तिथे तडा येणारच, दोन वेगळे पदार्थ, वेगळं हलणार. तो लपवायला पूर्वी कॉर्निस लावायचे, आता १०-१२ मिमीचा ग्रूव्ह सोडतात, तडा त्या सावलीत जातो आणि भिंत वाकडी असली तरी कळत नाही. पण ग्रूव्ह आधी ठरवावा लागतो कारण कडेचा चॅनल वेगळा येतो.

कामाचा क्रम साधारण असा. सोसायटीची एनओसी आणि कामाच्या वेळा लेखी, दुपारची शांतता ही पुण्यात वाटाघाटीची गोष्ट नाही. मग तोडफोड, आणि राडारोडा कोण कुठे नेणार हे ठेकेदाराच्या कोटेशनमध्येच लिहून घ्या, नाहीतर पोती जिन्यात. मग नवीन भिंती, झिऱ्या, प्लंबिंग, एसीचे पाइप आणि ड्रेन. ड्रेनमध्ये बादलीभर पाणी ओतून बघणं. मग गिलावा, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, टाइल्स. मग सिलिंगची फ्रेम. इथे थांबा.

फ्रेम उभी आहे पण बोर्ड लागला नाही तो दिवस तुमचा. वायरमन, एसीवाला, सुतार, पडदेवाला सगळ्यांना त्याच दिवशी एकत्र बोलवा, ट्रेसिंग हातात घ्या आणि प्रत्येकाने आपला पॉइंट बोटाने दाखवायचा. मग प्रत्येक खोलीचे फोटो काढा, भिंतीलगत टेप उघडी धरून, म्हणजे कुठला पाइप कोपऱ्यापासून किती इंचावर आहे ते फोटोतच वाचता येतं. भिंतींच्या झिऱ्यांचे असेच फोटो गिलाव्याच्या आधी. ते फोटो फॅमिली ग्रुपवर नाही, वेगळ्या फोल्डरमध्ये खोलीच्या नावाने ठेवा आणि एक प्रत वायरमनला पाठवा. त्यानंतरच बोर्ड चढवायला हो म्हणा, आणि ठेकेदाराचा पुढचा हप्ता पण त्याच दिवसाला बांधून ठेवा.